चर्ल, व्हिलन, बूर : इंग्रजीतील असभ्यतावाचक शब्दांचा सामाजिक इतिहास

एखाद्या भाषेत असभ्य वर्तनासाठी किती शब्द आहेत, यापेक्षा ते शब्द पूर्वी कोणाची नावे होती, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला अधिक महत्त्वाचा वाटायला हवा. इंग्रजीच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर मोठे बोलके आहे. 'चर्ल' हा मूळचा स्वतंत्र शेतकरी, 'व्हिलन' हा जमीनदाराच्या जमिनीला बांधलेला कूळ, 'बूर' हाही शेतकरीच. 'क्लाउन' म्हणजे खेडूत, 'नेव्ह' म्हणजे आधी नुसता मुलगा आणि मग घरगडी, तर 'लूड' म्हणजे चर्चच्या सेवेत नसलेला सामान्य गृहस्थ. आज यांपैकी कोणताही शब्द त्याच्या मूळ व्यवसायाचा किंवा दर्जाचा वाचक राहिलेला नाही. हे सर्व शब्द आता दुर्गुणांचे वाचक झाले आहेत. माणसे गेली आणि त्यांच्या नावांवर ठेवलेला ठपका तेवढा भाषेत उरला.

या घटनेला सी. एस. लुइस यांनी 'स्टडीज इन वर्ड्स' (१९६०) या ग्रंथात 'दर्जावाचक शब्दांचे नैतिकीकरण' असे नाव दिले. त्याआधी नीत्शेने १८८७ साली 'नीतीच्या वंशावळी'त जर्मन भाषेतील 'वाईट' या अर्थाचा शब्द आणि 'साधा' या अर्थाचा शब्द यांचे मूळ एकच असल्याकडे लक्ष वेधले होते. लुइस यांची संज्ञा अचूक आहे, परंतु तिच्यात एक प्रकारची तटस्थता आहे, आणि ती प्रस्तुत लेखकास पुरेशी वाटत नाही. पावसाने दगड झिजावा तसे हे नैतिकीकरण आपोआप घडलेले नाही. शब्द वापरणारे कोणी होते, ज्यांच्यावर तो वापरला जात होता तेही कोणी होते, आणि या दोघांमध्ये शब्दाच्या अर्थावरून अधूनमधून झटापटही होत होती. ही झटापट कोशांपेक्षा साहित्यात अधिक स्पष्ट दिसते.

प्रारंभ 'चर्ल'पासून करणे इष्ट ठरेल, कारण या शब्दाचे अधःपतन सर्वांत लांब पल्ल्याचे आहे. अँग्लो-सॅक्सन समाजात 'चेओर्ल' हा गुलाम नव्हता. तो सरदारवर्गाच्या खालचा, पण स्वतंत्र मनुष्य होता. पश्चिम सॅक्सन राज्याच्या कायद्यात प्रत्येकाच्या प्राणाची किंमत ठरलेली असे आणि खून झाल्यास ती मृताच्या आप्तांना द्यावी लागे. चेओर्लची ही किंमत २०० शिलिंग होती आणि सरदाराची १२००. म्हणजे विषमता होतीच, पण तिचे स्वरूप हिशेबी होते. ११व्या शतकाच्या आरंभीचा एक लेख असे सांगतो की, एखाद्या चेओर्लजवळ पाच हाइड जमीन, घंटा, वाड्याची वेस आणि राजदरबारी स्थान एवढे आले, तर त्याला सरदाराचे हक्क मिळावेत. जो दर्जा ओलांडता येतो, त्या दर्जाच्या नावाची शिवी होणे कठीण असते. १०६६ नंतर नॉर्मन सत्ता आली, फ्रेंच भाषा दरबारात बसली, आणि चेओर्ल हळूहळू बांधील कुळांच्या गर्दीत मिसळून गेला. १३०० च्या सुमारास त्याच्या नावाला उद्धट, हलका असे अर्थ चिकटलेले आढळतात. गंमत अशी की याच शब्दकुळातील 'कार्ल' हे रूप युरोपभर राजांचे नाव झाले. शार्लमेन त्याच नावाचा आणि २०२३ साली राज्याभिषेक झालेले तिसरे चार्ल्सही त्याच नावाचे. एकाच घराण्यातील एक भाऊ सिंहासनावर आणि दुसरा शिवीगाळीत, असे उदाहरण अन्य भाषांतही विरळाच सापडेल.

'व्हिलन'ची कथा कायद्याशी अधिक घट्ट बांधलेली आहे. लॅटिनमध्ये 'व्हिला' म्हणजे शेतवाडी आणि तिथे राबणारा तो 'व्हिलानुस'. १०८६ सालच्या 'डूम्सडे बुक' या जमीनपाहणीत नोंदलेल्या लोकांमध्ये या व्हिलानींचाच वर्ग सर्वांत मोठा आहे. पुढील दोन शतकांत त्यांची बांधिलकी पक्की होत गेली. मालकाच्या परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे आणि मुलीचे लग्न करायचे तर मालकाला पैसे मोजावे लागत. फ्रेंच दरबारी काव्यात 'कुर्त्वा' आणि 'व्हिलँ' ही विरोधी जोडी तयार झाली ती याच काळात. एकाला प्रेम कसे करावे हे कळते आणि दुसऱ्याला कळत नाही, अशी ती विभागणी होती. इंग्रजीत हा शब्द आला तेव्हा दोन्ही अर्थ घेऊन आला. पुढे कायद्याच्या इतिहासकारांनी कुळासाठी थोडे वेगळे स्पेलिंग राखून ठेवले आणि दुष्टासाठी दुसरे. उच्चार जवळजवळ एकच, लिहिण्यात मात्र फरक! शब्दाचा भूतकाळ लपवण्याची ही रीत इंग्रजीत पुन्हा पुन्हा दिसते. 'शहरी' आणि 'शहरी संस्कारांचा' या अर्थांचे 'अर्बन' आणि 'अर्बेन' हे दोन शब्द १७व्या शतकात असेच एकमेकांपासून अलग झाले.

हे दोन अर्थ एकमेकांना कसे भिडत होते, याचे उत्तम उदाहरण शेक्सपिअरच्या 'ॲज यू लाइक इट' या सुमारे १५९९ च्या नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात आहे. थोरला भाऊ ऑलिव्हर धाकट्या ऑर्लंडोला शिक्षणापासून वंचित ठेवून गड्यासारखा वागवतो, आणि भांडणात त्याला 'व्हिलन' म्हणतो. ऑलिव्हरच्या मनातला अर्थ 'नीच' हा आहे. ऑर्लंडो मात्र 'कूळ' हा अर्थ पकडतो आणि आपण सर रोलंडचे पुत्र असल्याचे ठणकावून सांगतो. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, अशा बापाच्या पोटी कुळे जन्मली असे जो म्हणेल तोच तिप्पट नीच. म्हणजे उत्तरातही तो शब्द आहेच, पण फिरवून परत केलेला. ज्या काळी बांधील कुळांची पद्धत कायद्याच्या पुस्तकांपुरती उरली होती, त्या काळी रंगभूमीवर मात्र तिचे नाव धारदार होते. मात्र ऑर्लंडोचा प्रतिकार मर्यादित आहे, हेही नोंदवले पाहिजे. कूळ असणे म्हणजे नीच असणे हे तो नाकारत नाही. आपण कूळ आहोत, एवढेच तो नाकारतो.

खरा प्रतिकार त्याच नाटकात पुढे आहे आणि तो एका मेंढपाळाच्या तोंडी आहे. दरबारी विदूषक टचस्टोन कोरिनला विचारतो, तू कधी दरबारात राहिला आहेस का? नसशील तर तुला शिष्टाचार ठाऊक नाहीत, म्हणजेच तू पापी आहेस! टचस्टोनने थट्टेत जे तर्कशास्त्र मांडले आहे, ते लुइस यांच्या नैतिकीकरणाचेच शुद्ध रूप होय. कोरिनचे उत्तर साधे आहे. दरबारात भेटल्यावर हाताचे चुंबन घेतात. आम्ही दिवसभर मेंढ्या हाताळतो, त्यांच्या लोकरीला तेलकटपणा असतो, आमच्यात ती चाल ओंगळ ठरेल. शिष्टाचार हा कामाच्या स्वरूपावर अवलंबून असतो, असा हा सिद्धांत आहे. १९३९ साली नॉर्बर्ट इलियास यांनी सभ्यतेच्या प्रक्रियेवर जो बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात दरबारी जीवनाच्या गरजांतून शिष्टाचार कसे घडले याचे विवेचन आहे. कोरिनला ते मेंढ्यांच्या मागे चालताना सुचले होते. विशेष म्हणजे या नाटकात 'क्लाउन' हा शब्द विदूषकासाठी आहे आणि खेडुतासाठीही. विदूषक खेडुताला 'क्लाउन' म्हणतो तेव्हा कोण कोणाला हसत आहे, हे प्रेक्षकाने ठरवायचे असते.

शेक्सपिअरच्या दोनशे वर्षे आधी चॉसरनेही या प्रश्नाला हात घातला होता. १३७४ ते १३८६ या काळात तो लंडनच्या ऑल्डगेट वेशीवरच्या घरात भाड्याने राहत होता, आणि १३८१ च्या शेतकरी उठावात एसेक्सचे बंडखोर शहरात शिरले ते याच वेशीतून. 'कँटरबरी टेल्स'मध्ये सरदाराची कथा संपल्यावर दारू प्यायलेला गिरणीवाला मध्येच घुसतो आणि आपली चावट कथा सांगू लागतो. निवेदक वाचकांची क्षमा मागतो. हा 'चर्ल' आहे, चर्लसारखीच कथा सांगणार, ज्यांना नको त्यांनी पान उलटून दुसरी निवडावी, असे तो सुचवतो. क्षमा मागून झाल्यावर तो ती कथा संपूर्ण देतो आणि ती रचनेच्या दृष्टीने सबंध संग्रहातील सर्वांत काटेकोर कथांपैकी एक आहे. बाथच्या बाईच्या कथेत तर एक म्हातारी आपल्या कुलाभिमानी नवऱ्याला बिछान्यावर भलेमोठे प्रवचन देते. कुलीनता जन्माने येत नाही, कुलीन कृत्ये करणारा तो कुलीन, असे तिचे म्हणणे आहे. येथे नैतिकीकरणाची दिशा उलटी आहे. 'जेंटल' हा शब्द कुळाचा होता, तो आचरणाचा केला की कुळवंतांच्या हातून निसटतो. खालच्या दर्जाच्या नावाचा दुर्गुण झाल्याने खालच्यांचे नुकसान होते, तर वरच्या दर्जाच्या नावाचा सद्गुण झाल्याने वरच्यांची मक्तेदारी जाते. लुइस यांच्या संज्ञेत या दोन प्रक्रिया एकाच नावाखाली येतात. त्यांचे राजकारण मात्र परस्परविरोधी आहे.

'लूड' या शब्दाचा प्रवास वेगळा आहे, कारण तेथे भेद जमिनीचा नसून अक्षराचा आहे. चर्चमधला तो शिकलेला आणि बाहेरचा तो 'लूड'. हा भेद केवळ मानाचा नव्हता. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये धर्मगुरूंवर राजाच्या न्यायालयात मृत्युदंडाचा खटला चालत नसे, आणि धर्मगुरू असल्याचा पुरावा म्हणून बायबलातील एक स्तोत्रचरण वाचून दाखवण्याची कसोटी रूढ झाली होती. वाचता आले तर फाशी टळे. 'लूड' असण्याची किंमत कधीकधी प्राणांनी मोजावी लागे. या सवलतीचे अवशेष १८२७ पर्यंत कायद्यात टिकून होते. अशिक्षित, मग गावंढळ, मग नीच आणि शेवटी कामुक, अशा पायऱ्या उतरत हा शब्द आजच्या अर्थापाशी पोहोचला. 'रूड'चेही तसेच आहे. लॅटिनमध्ये 'रुदिस' म्हणजे कच्चा, न घडवलेला, आणि त्या कच्चेपणातून बाहेर काढलेला तो 'एरुडाइट', म्हणजे विद्वान. संस्कृतातील 'शिष्ट' हा शब्दही शिकवण्याच्या धातूवरूनच आला आहे. पतंजलीने महाभाष्यात शिष्टाचे वर्णन करताना आर्यावर्तातील निवास, घागरभर धान्यावर समाधान आणि निर्लोभता या गोष्टी सांगितल्या आहेत. त्यातल्या दोन आचरणाच्या आहेत, एक भूगोलाची, आणि हे सारे सांगितले आहे ते ब्राह्मणांविषयी. पुढे मराठी बोलण्यात मात्र या शब्दाने गिरकी घेतली. 'ती जरा शिष्टच आहे' असे म्हटले की कोणी त्याला स्तुती समजत नाही. इंग्रजीतील 'जेंटील' या शब्दाचे १९व्या शतकात नेमके हेच झाले. सभ्यतेचे नाव सभ्यतेच्या सोंगाचे नाव बनले.

येथे एक शंका उपस्थित होणे स्वाभाविक आहे. खेड्याचा तिरस्कार शहराने केला हे खरे, पण शहराचा तिरस्कार खेड्याने केलाच नाही काय? केला, आणि इंग्रजीत त्याचा एक ठसठशीत अवशेष आहे. 'कॉकनी' म्हणजे मूळ अर्थाने कोंबड्याचे अंडे, वेडेवाकडे, निरुपयोगी. चॉसरच्या कोठावळ्याच्या कथेत या शब्दाचा अर्थ बुळा, लाडावलेला असा आहे. नंतर खेड्यातली माणसे शहरातल्या नाजूक, कष्ट न जाणणाऱ्या लोकांना हे नाव देऊ लागली. मराठीतल्या 'शामळू' शब्दात जो सूर आहे, साधारण तोच. परंतु १६०० च्या सुमारास हे नाव लंडनच्या बो चर्चच्या घंटांच्या आवाजात जन्मलेल्यांवर स्थिरावले आणि कालांतराने त्यातही केवळ श्रमिकांवर. खेड्याने शहरावर फेकलेला दगड शहरातल्या वरच्या लोकांनी झेलला आणि शहरातल्याच खालच्या लोकांवर फेकला. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'मधील (१९१३) फुलवाली एलायझा या इतिहासाची वारस आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'त ती मंजुळा होऊन मराठी रंगभूमीवर आली तेव्हा प्रेक्षकांना परकी वाटली नाही, कारण बोलीवरून माणसाची किंमत ठरवण्याचे शास्त्र आपल्याकडेही पुरेसे प्रगत होते. लंडनच्या बिलिंग्जगेट मासळीबाजाराचे नाव १७व्या शतकात इंग्रजीत शिवीगाळीचा प्रतिशब्द बनले. आपल्याकडे कोणत्याही गोंगाटाला 'मासळीबाजार' म्हणतात. दोन्हीकडे ओरडणाऱ्या स्त्रिया आपले कष्टाचे सामान विकत होत्या, हे सोयीस्करपणे विसरले गेले. स्त्रियांच्या बाबतीत घसरण आणखी वेगाने होते. 'हसी' हा निर्लज्ज स्त्रीसाठीचा शब्द 'गृहिणी' या अर्थाच्या शब्दाचेच झिजलेले रूप आहे, एवढे एक उदाहरण येथे पुरे.

१८व्या शतकात केंद्रस्थानी आलेला शब्द म्हणजे 'व्हल्गर'. लॅटिन 'वुल्गुस' म्हणजे सामान्य जन. दांतेने १४व्या शतकाच्या आरंभी लोकभाषेच्या वक्तृत्वावर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला तेव्हा त्याच्या शीर्षकातील 'वुल्गारी' हा शब्द निंदेचा नव्हता. बायबलच्या 'व्हल्गेट' या लॅटिन भाषांतराच्या नावातही निंदा नाही. १७व्या शतकाच्या मध्यापासून मात्र 'अशिष्ट' हा अर्थ पुढे येऊ लागला आणि १८व्या शतकात त्याने बाकीचे अर्थ मागे सारले. १७७४ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर, लॉर्ड चेस्टरफील्डची आपल्या मुलाला लिहिलेली पत्रे प्रसिद्ध झाली. ही पत्रे म्हणजे 'व्हल्गर' होण्याच्या भीतीचे दप्तरच आहे. मोठ्याने हसू नये, बोलण्यात म्हणी वापरू नयेत, असा त्यांत उपदेश आहे. म्हणी टाळाव्यात, कारण त्या सामान्य लोकांच्या तोंडच्या! ज्या भाषेचे निम्मे शहाणपण म्हणींत साठलेले आहे, तिच्या वाचकाला हा उपदेश वाचून काय वाटेल, ते सांगायला नको. चेस्टरफील्डच्या पत्रांनंतर अकराच वर्षांनी, १७८५ मध्ये, फ्रान्सिस ग्रोस याने याच 'व्हल्गर' भाषेचा कोश प्रसिद्ध केला. त्यात सैनिक, चोर, खलाशी यांच्या शब्दांची नोंद आहे आणि ती आनंदाने केलेली आहे. एकाच पिढीत एकाला ज्या शब्दांची भीती वाटत होती, दुसरा ते गोळा करत हिंडत होता.

'व्हल्गर'च्या शेजारी राहणारा 'व्हर्नाक्युलर' हा शब्द भारतीय वाचकाला अधिक जिव्हाळ्याचा आहे. लॅटिनमध्ये 'वेर्ना' म्हणजे मालकाच्या घरातच जन्मलेला गुलाम, आणि त्यावरून 'घरगुती, देशी' हा अर्थ निघाला. ब्रिटिश अंमलात भारतीय भाषांना हे नाव मिळाले. १८७८ साली लिटनच्या कारकिर्दीत देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा जो कायदा झाला, त्याच्या नावातच हा शब्द होता. मुंबई इलाख्यातल्या खेड्यापाड्यांतील मुलांची 'व्हर्नाक्युलर फायनल' ही परीक्षा कित्येक दशके शिक्षकी पेशाची पहिली पायरी होती, आणि ती उत्तीर्ण झालेला माणूस गावात मानाने वावरत असे. पुढे मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांत मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना हिणवण्यासाठी याच शब्दाचे लघुरूप 'व्हर्नॅक' रूढ झाले. ते उच्चारणाऱ्या तरुणांना रोमन गुलामांची आठवण असण्याचे कारण नाही. पण शब्दाला आपली जागा न चुकता सापडली, असे म्हणावे लागते.

१९व्या शतकात तिरस्काराचे लक्ष्य बदलले. खेडे दूर गेले, कारखाने आणि उपनगरे वाढली. वरच्या वर्गाला आता धोका शेतकऱ्यापासून नव्हता, आपल्यासारखे दिसू पाहणाऱ्यांपासून होता. 'स्नॉब' हा मूळचा चांभार. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठाबाहेरच्या नगरवासीयांना हे नाव दिले, आणि थॅकरेने 'पंच' साप्ताहिकातील लेखमालेतून (१८४६-४७) त्याला 'वरच्यांची नक्कल करणारा' हा अर्थ दिला. 'कॅड' हाही सरंजामाने फिरून आलेला शब्द. सरदाराचा धाकटा मुलगा, मग निरोप्या पोरगा, मग ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांच्या बोलीत गावचा माणूस, आणि शेवटी सभ्य गृहस्थाला न शोभणारे वर्तन करणारा. या दोन शब्दांचे वैशिष्ट्य असे की, येथे नगरवासीच तिरस्कृत आहेत आणि तिरस्कार करणारे विद्यार्थी आहेत. विद्यापीठांनी जगाला दिलेल्या देणग्यांत याही दोन देणग्यांचा समावेश करायला हवा. मॅथ्यू अर्नोल्डने 'कल्चर अँड अनार्की'त (१८६९) मध्यमवर्गाला दिलेले 'फिलिस्टाइन' हे नावही जर्मन विद्यार्थ्यांच्या बोलीतलेच. मात्र अर्नोल्डने तिरस्काराची वाटणी बरीच समतोल केली, कारण त्याने सरदारवर्गाला 'बार्बेरियन' म्हटले.

याच काळात वरच्यांच्या उद्धटपणालाही नाव मिळाले. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये (१८१३) पाद्री कॉलिन्स लेडी कॅथरीनच्या 'कॉन्डिसेन्शन'ची मनापासून स्तुती करतो. थोरांनी खाली उतरून आपल्याशी बोलणे हा त्याच्या दृष्टीने सद्गुण आहे, आणि ऑस्टिनचा उपहास नेमका तेथेच आहे. आज तोच शब्द दूषण आहे. दर्जाची उतरंड सर्वांना मान्य असते तोवर खाली उतरणे हा उपकार ठरतो. ती मान्यता गेली की तो अपमान ठरतो.

मराठीशी तुलना करताना एक फरक नजरेस येतो. 'उद्धट', 'मग्रूर', 'आगाऊ', 'शेफारलेला' हे आपल्या बोलण्यातले नित्याचे शब्द माणसाने आपली जागा सोडून वर किंवा पुढे येण्याकडे बोट दाखवतात. इंग्रजीतही या जातीचे शब्द आहेत, परंतु 'रूड' आणि 'बूर' यांचा रोख मनुष्य मुळातच खाली असल्यावर आहे. आपल्याकडे या दुसऱ्या जातीचे काम 'गावंढळ', 'रानटी', 'अडाणी' हे शब्द करतात. ('सॅव्हेज' हाही लॅटिनमधील 'रान' या अर्थाच्या शब्दावरूनच आला आहे.) हिंदीतील 'गँवार', तमिळमधील 'पट्टिक्काट्टान' हे त्याच जातीचे. मराठीने 'ग्राम्य' आणि 'ग्रामीण' असा भेद करून एक शब्द निंदेसाठी आणि दुसरा साहित्यप्रवाहासाठी ठेवला, याला 'व्हिलन'च्या दोन स्पेलिंगांसारखेच मानावे लागेल. संस्कृत काव्यशास्त्रात ग्राम्यता हा दोष आहे. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त त्याचे उदाहरण म्हणून 'कटि' हा शब्द दिला आहे. पंढरीचा विठ्ठल ज्यावर हात ठेवून उभा आहे ती कटी संतांच्या अभंगांतून इतकी पवित्र झाली की, मम्मटाची हरकत मराठी वाचकाला समजावून सांगावी लागते. शब्द वर चढल्याची अशी उदाहरणे थोडी आहेत. ती कोशकारांनी घडवलेली नाहीत.

या सर्व इतिहासाचा भार अनुवादकावर कसा येऊन पडतो, याचे एक उदाहरण डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये (१८६०-६१) आहे. लोहाराच्या घरात वाढलेला पिप श्रीमंत मिस हॅविशॅमच्या वाड्यात एस्टेलाशी पत्ते खेळतो. पहिला डाव संपण्याआधीच ती त्याची टर उडवते, कारण हा मुलगा 'नेव्ह' या पत्त्याला 'जॅक' म्हणतो! मग त्याचे खरबरीत हात आणि जाडेभरडे बूट तिच्या नजरेत भरतात, आणि पिपला आयुष्यात प्रथमच आपल्या हातांची लाज वाटते. पुढील सबंध कादंबरी या लाजेतून उलगडते. 'जॅक' हे सामान्य माणसाचे नाव म्हणून हलके, आणि 'नेव्ह' हा वरच्या वर्गाचा शब्द म्हणून शुद्ध, असा तेव्हाचा संकेत होता. वास्तविक 'नेव्ह' म्हणजे लबाड, त्याआधी नोकर, आणि त्याही आधी केवळ एक मुलगा. जर्मनमध्ये त्याच्या भावंडशब्दाचा अर्थ आजही मुलगा असाच आहे. पिप अडखळतो तो पत्ता त्याचेच नाव धारण करून आहे.

मराठी अनुवादकाची अडचण येथे सुरू होते. आपल्याकडे हा पत्ता वाड्यात खेळा की ओसरीवर, 'गुलाम'च असतो. त्याला दुसरे हलके नाव नाही, म्हणून एस्टेलाला हसायला जागा राहत नाही. इंग्रजी नावे तशीच ठेवली तर मराठी वाचकाला दोन्ही सारखीच परकी वाटतात, आणि मुलाने नेमके काय चुकवले ते कळत नाही. 'गुलाम' हा शब्द ठेवला तर विनोद जातो. परंतु इंग्रजीने जे झाकले आहे ते उघडे पडते : पत्त्यावरच्या त्या भरजरी पोशाखातल्या तरुणाचा दर्जा. अनुवादकाने यांपैकी काय सोडावे, हे त्या प्रकरणापुरते ठरवता येणार नाही. कारण पुढे लंडनला जाऊन 'जंटलमन' झालेला पिप आपल्या लोहार मेहुण्याच्या अवघडलेल्या वागण्याने संकोचतो, तेव्हा त्याच्या कानात पत्त्यांच्या त्या डावातलेच हसू वाजत असते, आणि ते वाचकालाही ऐकू यायला हवे.